आठव्या डावात उठणारा ऑगी

ऑगी स्कारपाटोच्या पायाला भिंगरी होती. आमच्या हॉटेलची व्हॅन तो अकरा वर्षं चालवत होता, आणि माझ्या मते देवाने त्याच्यासाठी दुसरं कुठलं काम ठेवलंच नव्हतं. विमानतळावरून पाहुणे आणायचे, स्टेशनवर सोडायचे, आणि मधल्या वेळात लॉबीत किल्ल्या खुळखुळवत येरझारा घालायच्या. मी काउंटरवर. दिवसभर तो खुळखुळाट ऐकून माझं डोकं उठायचं. "ऑगी, बस रे जरा," म्हटलं की तो बसायचा, पण खुर्चीच्या काठावर, आणि गुडघा हलत राहायचा.

त्याची गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून उभी. रविवारी चर्चमध्ये प्रसाद जिभेवर पडला की हा बाजूच्या दाराने बाहेर. शेवटचं गाणं त्याने लहानपणापासून ऐकलेलं नाही. स्वतःच्या लग्नात केक कापायच्या वेळी नवराच सापडेना. तो गाडी वळवून आणायला गेला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, याने लग्न लागून गेल्यावरही ते सोडलं नाही.

आमच्या फिलाडेल्फियात पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी काउंटरवर प्रश्न येतोच : आलोच आहोत तर तुमचा एखादा खेळ बघावा म्हणतो, कुठला बघू? एप्रिलमध्ये तर पंचाईतच. बेसबॉल नुकता सुरू झालेला असतो, बास्केटबॉल आणि बर्फावरची हॉकी संपत आलेली असते, आणि तिन्ही शहराच्या दक्षिण टोकाला, एकाच पार्किंगच्या भोवती. मी तोंड उघडायच्या आत ऑगी उत्तर द्यायचा.

"बास्केटबॉल. डोळे झाकून. अडीच तासांत खेळ खलास, डोक्यावर छप्पर, थंडी नाही. शेवटच्या भागात वीसचा फरक पडला की उठा, मी दारात उभा असतो."

"आणि हॉकी?"

"तीही चालेल. मारामारी फुकट बघायला मिळते. दहा मिनिटं उरली की उठा."

"बेसबॉल कसा असतो?"

"त्याला घड्याळच नाही हो. कधी संपेल ते देवालाही ठाऊक नाही. जाऊ नका."

आता चेंडू टाकणाऱ्यालासुद्धा घड्याळ लावलंय, तेव्हा ते नव्हतं. ऑगी हे सगळं हसत सांगायचा, पण बेसबॉलचं नाव निघालं की त्याचा हात खिशातल्या किल्ल्यांकडे जायचा. कारण मला माहीत होतं. अर्ध्या दक्षिण फिलाडेल्फियाला माहीत होतं, कारण त्याचा बाप ते भेटेल त्याला सांगायचा.

बापाचं नाव साल. नेव्ही यार्डात, नौदलाच्या गोदीत, जन्मभर पाइप जोडले. खेळ बघायला जाताना खिशात पेन्सिल आणि कार्ड. कोणी फटका मारला, कोण बाद झाला, सगळं त्यावर टिपायचं. एका खेळाडूला एक ओळ, एका डावाला एक रकाना, असे नऊ रकाने. आमच्याकडच्या जुन्या माणसांना ही सवय असते. एकतीस वर्षांपूर्वी बापलेक असेच एका सामन्याला गेले. आपला संघ पाच धावांनी मागे, आठवा डाव संपत आलेला. ऑगी उठला. "चला पपा, आत्ता निघालो तर वीस मिनिटांत घरी." साल नको म्हणत होता, पण किल्ल्या ऑगीकडे. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच रेडिओवर नवव्या डावाची आरडाओरड सुरू झाली. एक धाव, तीन, पाच, आणि मग शेवटचा चेंडू थेट वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकांत. जिंकले. रेडिओ ऐकायचीही गरज नव्हती, मागून मैदानाचा आवाज खिडकीतून आत येत होता. सालने रेडिओ बंद केला आणि एवढंच म्हणाला, "गाडी नीट चालव."

त्यानंतर तो ऑगीबरोबर कधी गेला नाही. ते कार्ड त्याने स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाने लावून टाकलं. आठ रकाने भरलेले, नववा कोरा. दर वसंतात ऑगी तिकिटं घेऊन जायचा आणि दर वसंतात साल म्हणायचा, "मला नऊ डाव बघायचेत. तुझ्याबरोबर साडेसातच मिळतात."

सुरुवातीला याची सगळ्यांना गंमत वाटायची. पण त्या हिवाळ्यात साल पडला, कंबर मोडली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा. ऑगीच्या येरझारा दुप्पट झाल्या. एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "डॉरिन, यंदा नाही नेलं तर मग नेलंच नाही असं होईल." मला त्याची दया आली आणि रागही आला. एका जागी बसायचं होतं, दुसरं काय करायचं होतं या माणसाला?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डेन्मार्कहून होल्म नावाचे गृहस्थ आले. आयुष्यभर फेरीबोट चालवलेली, सत्तरीचे, बोलणं असं सावकाश की दोन वाक्यांच्या मध्ये माझा एक फोन उरकायचा. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला आणि ऑगीने नेहमीचंच उत्तर म्हणून दाखवलं. होल्मनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "आणि तुमच्या वडिलांना तुम्ही यातल्या कुठल्या खेळाला न्याल?"

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा लॉबीत मला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला.

"बेसबॉलला," ऑगी म्हणाला.

"मग मीही तोच बघतो. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. समजावून कोण सांगेल?"

माझ्या जिभेला हाड नाहीच. "याचा बाप," मी म्हटलं, आणि काउंटरवरचा फोन ऑगीपुढे सरकवला.

म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं म्हणून तो फोनवर ओरडूनच बोलायचा, त्यामुळे संभाषण आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"पपा, एक पाहुणे आलेत. डेन्मार्कचे. जन्मात बेसबॉल बघितलेला नाही."

"मग मी काय करू? आरती ओवाळू?"

"त्यांना समजावून सांगायला कोणीतरी हवं."

"तू सांग की. शिंगं फुटलीत तुला."

"मला शेवट माहीत नसतो, पपा."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसणं होतं हे मला जरा उशिरा कळलं.

"उद्या दुपारचा सामना आहे. बाराला ये. सँडविच मी करतो. आणि ऑगी, गाडी उभी केलीस की किल्ल्या डॉरिनकडे द्यायच्या. ती पोरगी तुला पुरून उरेल."

पोरगी अठ्ठावन्न वर्षांची होती आणि दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिची सुट्टी होती. अशी मी त्या सामन्याला गेले, किल्ल्या सांभाळायला.

नदीवरून बोचरा वारा येत होता. साल मध्ये बसला, अंगावर घोंगडी, मांडीवर कार्ड. एका बाजूला होल्म, दुसऱ्या बाजूला ऑगी, आणि ऑगीच्या पलीकडे मी, पर्स दोन्ही हातांनी धरून. म्हाताऱ्याने मिरची-अंड्याची सँडविचं वाटली आणि शिकवणी सुरू केली.

"हा जो उभा आहे ना, तो काहीच करत नाहीये असं तुम्हाला वाटेल."

"हो, वाटतंय," होल्म म्हणाले.

"तो वाट बघतोय. हा खेळ वाट बघण्याचा आहे. माझ्या मुलाला एवढंच कळलं नाही."

पण ऑगीला बसवत कुठे होतं? दुसऱ्या डावात तो खारे प्रेट्झेल आणायला गेला, तिसऱ्यात मोहरीची चटणी विसरली म्हणून, चौथ्यात कॉफी, पाचव्यात कागदी रुमाल. प्रत्येक वेळी पळत परत. त्याच्या गुडघ्याच्या हिसक्यांनी आमची सगळी रांग हलत होती आणि पुढच्या बाईने दोनदा वळून बघितलं. खेळाची तर बोंबच होती. आम्ही सात-एकने मागे.

सातव्या डावाच्या मध्यावर रिवाजाप्रमाणे सगळे उठून उभे राहिले, आळोखेपिळोखे दिले, गाणं म्हणून झालं, आणि गळती लागली. कोणी जॅकेट उचलतंय, कोणी पोराला टोपी घालतंय. उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा ऑगी त्या जाणाऱ्यांकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्या पर्सवर आली.

"बघूसुद्धा नकोस," मी म्हटलं.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझा गुडघा म्हणतोय."

होल्म गालात हसले. "माझ्या बोटीवरही लोक धक्का यायच्या आधी उठून दाराशी उभे राहायचे. त्याने बोट काही लवकर लागत नसे."

ऑगीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि बसला. खरोखर बसला. आठव्या डावात आमचे तिघेही बाद झाले तरी तो हलला नाही. मला वाटलं, जमलं बाबा याला.

आणि तेवढ्यात सालची पेन्सिल थांबली.

"ऑगी," तो म्हणाला, "चल."

"कुठे?"

"घरी. गर्दी व्हायच्या आत."

ऑगीला वाटलं म्हातारा परीक्षा बघतोय. मलाही तेच वाटलं. "नाही पपा. अजून एक डाव आहे."

"चल म्हणतो ना."

"एकतीस वर्षं टोमणे मारलेत तुम्ही मला! फ्रिजवर ते कार्ड लावून ठेवलंत! आणि आज मी बसलोय तर..."

"बसा खाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बसलोयच मी, गाढवा!" ऑगी मागे वळून गरजला. तेव्हा सालने त्याची बाही धरली. ओठ पांढरे पडले होते.

"पोरा, कंबर ठणकतेय. आता नाही बसवत."

ऑगीचा चेहरा पडला. एवढी वर्षं हा माणूस एका डावासाठी तडफडत होता, तो डाव समोर आला होता, आणि उठायला सांगत होता तो बापच. मला गलबलून आलं. मी पर्स उघडून किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या.

दोन-दोन पायऱ्या चढणारा ऑगी त्या दिवशी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत बापाबरोबर निघाला. मागे होल्म, हातात घोंगडी. लोक बाजूने धावत पुढे जात होते, धक्के देत होते. ऑगीने एकदाही घाई केली नाही. पार्किंगपर्यंत पोचायला पाव तास लागला असेल.

व्हॅन अर्थातच रस्त्याकडे तोंड करून उभी होती. ऑगीने पुढची सीट मागे पाडली, बापाला तीवर टेकवलं, घोंगडी गुंडाळली. सालने डोळे मिटून लांब श्वास सोडला. "आता बरं वाटतंय. लाकडी मेली ती खुर्ची." खुर्ची प्लास्टिकची होती.

समोर फाटक उघडं. रस्ता रिकामा. वीस मिनिटांत घर.

ऑगीने किल्ली लावली आणि अर्धीच फिरवली. इंजिन सुरू झालं नाही, रेडिओ लागला. पाहुण्या संघाचा नववा डाव संपत आला होता, आता आमचा.

"दुखतंय का अजून?" त्याने विचारलं.

"नाही म्हटलं ना."

ऑगीने बापाच्या कोटाच्या खिशातून कार्ड काढलं, त्याच्या मांडीवर ठेवलं, पेन्सिल बोटांत दिली.

"लिहा, पपा."

सालने फाटकाकडे बघितलं, मग मुलाकडे. "अरे मूर्खा, रस्ता मोकळा आहे. पाच मिनिटांत इथे मुंगीला वाट मिळणार नाही."

"नाही मिळाली तर नाही."

ऑगीचा गुडघा हलतच होता, खोटं कशाला सांगू. स्टिअरिंगवर बोटं तबला वाजवत होती. पण इंजिन बंद होतं. पहिल्याचा चेंडू उंच उडाला, झेलला गेला. साल कुरकुरत लिहू लागला. दुसरा पहिल्या ठाण्यावर पोचला. तिसऱ्याने लांब मारला आणि एक धाव आली. होल्म मागून पुढे वाकले, "आता काय होऊ शकतं?" साल म्हणाला, "काहीही." चौथा बाद. ऑगीने श्वास रोखून धरला होता. पाचवाही बाद.

सात-दोन. हरलो. कसलाही चमत्कार नाही, कुठून ओरडा नाही.

सालने नवव्या रकान्यातलं शेवटचं घर भरलं, खाली रेघ मारली, आणि कार्ड ऑगीच्या हातात दिलं. "घरी गेलो की फ्रिजवर लाव. ते जुनं काढून टाक."

ऑगीने ते जपून शर्टाच्या खिशात ठेवलं.

तोवर दारं उघडली होती आणि मैदान बाहेर सांडत होतं. पुढे गाड्या, मागे गाड्या, भोंगे, शिव्या, फाटकाशी तीन रांगांची एक रांग होताना चाललेली भांडणं. आम्ही पक्के अडकलो, तासाभराची निश्चिंती. साल कोपरावर जरासा उठला, काचेतून त्या सगळ्या तांबड्या दिव्यांकडे डोळे भरून बघितलं आणि समाधानाने पुन्हा आडवा झाला.

"अहाहा," तो म्हणाला, "काय गर्दी झालीय बघ, ऑगी!"