देव लेकरं उचलत नाही

चिखलीहून सॅम्युएलकाकांचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या बसस्टँडवर घरी जायच्या गाडीची वाट पाहत उभी होते. "मार्था गेली, वंदना," एवढंच ते म्हणाले...

मार्थाबाई आमच्या शेजारच्या, सॅम्युएलकाका त्यांचे यजमान. दवाखान्यात सिस्टर होत्या. रिटायर झाल्यावर चर्च आणि गल्लीतले आजारी यांतच त्यांचा दिवस जायचा. आमच्या घरी बुद्धवंदना, त्यांच्या घरी प्रार्थना, मधे कमरेइतकी भिंत. पण त्या मला खऱ्या कळल्या त्या माझी नऊ वर्षांची प्राजू डेंग्यूनं गेली तेव्हा. घर माणसांनी भरलेलं आणि जो तो मला कारण समजावत होता. कुणी मागच्या जन्मावर बोट ठेवलं. त्यांच्याच चर्चमधली एक बाई मायेनं म्हणाली, "चांगली लेकरं देवाले लवकर लागतात." मार्थाबाईंनी तिला तिथंच थांबवलं. "नाही. देव लेकरं उचलत नाही. आमचा प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडला. मरण त्याच्याच मनात असतं, तर रडला असता काय?" मग त्यांनी माझ्या गुंतलेल्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. पुढं कितीतरी दिवस रोज येऊन घालत राहिल्या.

मागल्या वर्षी त्यांना हाडांचा कॅन्सर निघाला. कूस बदलतानाही त्या कळवळायच्या. एकदा मला राहवलं नाही. "जन्मभर दुसऱ्यांचं केलं तुम्ही. तुमच्या देवाले हे कसं चालते?"

"मले बी नाही समजत. रोज विचारणं चालू आहे त्याले, काऊन, कशापायी म्हणून."

"मग?"

"क्रुसावर आमच्या प्रभूनं बी बापाले काऊनच विचारलं होतं. उत्तर नाही देत तो... पण खाटेपासून हटत बी नाही." मग हसल्या. "दुखते मात्र लय."

त्यांचा देव मला आजही पुरता उमगलेला नाही. पण दुःखाला खोटं कारण न चिकटवता माणसाजवळ बसता येतं, हे मला त्यांच्यामुळं कळलं.

प्राजू गेल्यावर लोकांनी हळूहळू तिचं नाव घेणं सोडलं, मला त्रास नको म्हणून. मार्थाबाई मात्र दर वाढदिवसाला घरी केलेला केक आणायच्या आणि मोठ्यानं तिचं नाव घ्यायच्या. यंदाचा वाढदिवस त्या गेल्यानंतर आला. मी दार लोटून बसले होते. सॅम्युएलकाका आले, हातात झाकलेलं ताट.

"पहिल्यांदाच केला. खालून करपला," ते म्हणाले, "पण प्राजूचा वाढदिवस कसा चुकवू?"

करपलेला भाग आम्ही सुरीनं खरवडून काढला, आणि अंधार पडेपर्यंत त्या दोघींबद्दल बोलत बसलो.