हसवल्याशिवाय रेघ नाही

आमचे अण्णा पेशंटला हसवल्याशिवाय त्याच्या चेहऱ्यावर पेन टेकवत नसत. माणूस प्लास्टिक सर्जन, पण विनोद इतके रद्दी की पेशंट बहुधा कीव येऊन हसायचा. हसला की गालावर घड्या उमटायच्या आणि अण्णा निळ्या पेनाने भराभर रेघा मारायचे. "टाका या घडीत लपवायचा गं. पेशंट आडवा पडला की चेहरा बदलतो," म्हणायचे. म्हणून आखणी कायम पेशंटला बसवून, भूल द्यायच्या आधी.

चिकपेटात त्यांच्या घरचं कापडाचं दुकान. चार पिढ्या बंगळुरात काढलेल्या, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच कन्नड डोकावायचं. मी नागपूरची, तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले. पहिले दोन महिने त्यांनी मला चिंध्यांवर बसवलं. कापडाला भोक पाडायचं आणि शेजारचाच तुकडा एका बाजूने जोडलेला ठेवून, वळवून ते झाकायचं. आमच्या भाषेत फ्लॅप. सुरकुती पडली की उसव पुन्हा! मी जाम वैतागायचे. एवढं शिकून आले ते काय ब्लाउज शिवायला? "स्वल्प थांब," अण्णा म्हणायचे. "कापडाला रक्त लागत नाही, कातडीला लागतं. ते जोडलेल्या बाजूनेच येतं. ती रुंद ठेव."

हे शंभरदा ऐकलं आणि ऐन वेळी माती खाल्ली. बसवनगुडीत फुलं विकणाऱ्या एका बाईंच्या गालावरची कॅन्सरची गाठ काढली होती. खड्डा झाकायचं काम अण्णांनी पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं. व्रण छोटा दिसावा म्हणून मी जोडलेली बाजू अरुंद ठेवली. चिंधीवर ते काय सुरेख दिसायचं! तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली तर फ्लॅपचं टोक काळं ठिक्कर. रक्त तिथवर पोचलंच नव्हतं.

अण्णा ओरडले असते तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "अक्कांना तूच सांग. चूक कुणाची तेही सांग." मी त्या बाईंना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. जखम भरायला दीड महिना लागला. रोजचं ड्रेसिंग मीच केलं. बाई बऱ्या झाल्या, पण गालावर खळगा राहिलाच. त्यानंतर चेहऱ्याची केस आली की मी काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला पुढे करायचे. अण्णांना ते कळत होतं.

मागच्या वर्षी अण्णांच्याच गालावर तसली गाठ निघाली. त्यांचे नावाजलेले विद्यार्थी शहरभर, आणि फोन केला मला! मी चक्क भांडले. "अहो अण्णा, माझा हात ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"म्हणूनच. बाकीच्यांनी काळं टोक पुस्तकात पाहिलंय. तू ते दीड महिना रोज धुतलंस. सरी? ठीक ना?"

ऑपरेशनच्या दिवशी ते टेबलावर ताठ बसले. मी पेनचं टोपण काढलं, तर म्हणाले, "आधी हसव." मला एक विनोद आठवेल तर शपथ! शेवटी त्यांचाच सगळ्यात रद्दी विनोद त्यांना ऐकवला. ते खदखदून हसले. घडी उमटली, मी रेघ मारली. त्यांनी आरसा मागितला, गाल वळवून पाहिला. "रुंद आहे," म्हणाले आणि निवांत आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी फ्लॅप गुलाबी होता.

यंदा अण्णा गेले, झोपेतच. शेवटचं पाहायला गेले तेव्हा सवयीने त्यांच्या गालावर माझा टाका शोधत राहिले. सापडला नाही. मग मात्र मला रडू आवरेना.