बारुदीच्या नळीतला कागद

१९५४ साली मी चोवीस वर्षांचा होतो, आणि मंगरूळपीरच्या टापूत विहिरीत सुरुंग लावणारा माझ्यासारखा दुसरा कोणी नाही, असं मीच सांगत फिरत होतो. खोटं नव्हतं. काळ्या पाषाणात पहारीनं भोक पाडायचं, कागदाच्या नळीत बारूद भरून ती भोकात सारायची, वात ठेवायची, वरून माती ठासायची. मग बाकीची माणसं वर जायची. मी एकटा तळाशी उरायचो, वात पेटवायचो आणि दोर धरून वर यायचो. वरचे दोघं चाकावरून दोर ओढत. त्यांनी जोर लावायच्या आधीच मी निम्मा चढलेला असायचो. तशी माझी ऐट होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक वात भसकन जळली. मी अर्ध्यावर असतानाच बार उडाला. एक दगड कानाजवळून गेला, एक पायाखालून. वर आलो तर दोरावरच्या दोघांच्या तोंडावर रंग नव्हता. मी हसलो. म्हटलं, "दगडालेही माहीत हाय कोनाले लागाचं नाई ते." ही गोष्ट गावभर मीच रंगवून सांगितली.

पण त्या दिवसापासून माझे हात कापायला लागले. भाकर मोडताना, विडी पेटवताना. विहिरीच्या काठावर गेलो की तोंड कोरडं पडायचं. तळाशी उभं राहून वर पाहिलं की आभाळ ताटलीएवढं दिसायचं, आणि वाटायचं, आता कोणीतरी ही ताटली झाकणार. हे सांगायचं कोणाला? सांगितलं असतं तर कोणी कामावर घेतलं नसतं, हे झालं एक. आणि ते शब्द माझ्या तोंडातून निघतच नव्हते, हे खरं कारण.

बाजाराच्या दिवशी तावीज घ्यावा म्हणून मंगरूळच्या दर्ग्यावर गेलो. बाहेर एक म्हातारे चाचा वह्या-पोथ्या बांधत बसायचे. त्यांच्याजवळ चहा प्यायला टेकलो, तर बशीतला चहा माझ्याच धोतरावर सांडला.

"हात कायले कापून राह्यला, बेटा?"

"ऊन लागलं, चाचा."

"हिवाळ्यात?"

मी बशी खाली ठेवली. त्यांनी बांधणीतून उरलेल्या कागदांची शिवलेली एक वही काढली. कोणतं पान पिवळं, कोणतं निळसर, कोणतं आखूड, कोणतं लांब. म्हणाले, "लिहिता येते?"

"तिसरीत होतो."

"मंग झालं. दुपारी भाकर खाल्ली का बसजो. मनात जे येईन थे लिहिजो. सिसपेन थांबली नाई पाह्यजे. काही सुचलं नाई तं सुचत नाई म्हनून लिहिजो. मागं वाचाचं नाई. मीबी असंच लिहितो. दिमाग हल्का होते."

मला वाटलं, म्हातारा चळला. पण तावीज राहिलाच, वही घेऊन आलो.

पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या आणि घाम आला. मग सवय पडली. दुपारी बाकीचे झाडाखाली आडवे झाले की मी विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगामागं बसायचो. समोर काट्यांच्या कुपाटीपलीकडं शेजारच्या शेतकऱ्याचा गोठा होता, तिथं त्याचा काळा बैल बांधलेला असे. समोर दिसे तेच हातातून उतरायचं. बैल बसला. बैल उठला. माशी आली. मले भेव लागते. अक्षरं म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखी. पण अर्धा घंटा लिहिलं की छातीवरचा दगड थोडा सरकायचा. उतरताना हात कमी कापायचे.

भीती एकच राहिली, वही कोणाच्या हाती पडली तर? त्यावर मीच तोड काढली. बारुदीच्या नळीला कागद लागतोच. लिहिलेली पानं फाडून मी त्यांच्याच नळ्या वळायला लागलो. वात पेटवली की भेवही बारुदीसंगं उडून जायचं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. तिसरी शिकलेल्या माणसाला याहून जास्त काय सुचणार?

माघात एका दुपारी बार उडाला, आणि दिवस कलताना गोठ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. काळा बैल तोंडाला फेस येऊन पडला होता. आम्ही पोचेपर्यंत मेला. गव्हाणीजवळ एक कागद सापडला होता. एक कड फाटलेली, बाकीच्या जळलेल्या, बारुदीचा वास, आणि त्यावर अक्षरं. गाव गोळा झालं. त्यात मी सोडलो तर वाचता येणारे पाटील एकटेच. ते एकेक अक्षर जोडत वाचत होते.

"काया बैल... उठत नाई... मरन... खाली मरन... मरन."

पुढचं जळालं होतं.

"करनी हाय," कोणीतरी म्हणालं.

मी मागं उभा होतो. कागद मी लांबूनच ओळखला. निळसर होता. बारासंगं विहिरीतून वर उडून तो कुपाटीपलीकडं पडला होता.

त्या गोठ्यातून रोज सकाळी शेण नेणारी एक एकटी म्हातारी होती. गावाच्या कडेला झोपडी, पुढं-मागं कोणी नाही. बैलाचा मालक तिचा हात धरून तिला ओढत मधे घेऊन आला. "हिच्याशिवाय गोठ्यात कोन येते? हिनंच लिहून आनलं."

"मले तं अंगठाच येते रे बाप्पा," ती म्हणाली.

"कोनाजवयून तरी लिहून घेतलं अशीन."

पाटलांनी निकाल दिला, उजेड आहे तोवर हिनं गाव सोडायचं. एक जण तिचं गाठोडं आणायला गेला. दोघा-तिघांनी हातात दगड उचलले होते. मला विहिरीत कधी वाटली नाही एवढी भीती वाटली. खरं लिहितो, माराची भीती कमी होती. कागद माझा म्हटलं की त्यात काय लिहिलं तेही सांगावं लागणार होतं. सगळ्या गावासमोर. तिचं गाठोडं येईपर्यंत मी गप्प राहिलो. हे लिहिताना आजही सिसपेन अडते.

म्हातारीनं गाठोडं काखेत घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. "तू तं रोज तथीच बसतं. तू सांग न बापू, मी कागद ठेवला काय?"

"थो कागद माहा हाय," मी म्हटलं.

मालकानं माझी बंडी धरली. मी म्हटलं, "मारजो. पन पयले पाह्य." आणि बंडीतून वही काढली. शिवणीत राहिलेला निळसर तुकडा पाटलांना दाखवला. त्यांनी जळका कागद त्याला लावला, तर फाटलेली कड जुळली. पण त्यानं माझी सुटका झाली नाही. उलट दगड माझ्याकडं वळले.

मग मी वहीतलं वाचलं. त्याच बैलावरचं, आदल्या दिवसाचं, अजून न फाडलेलं पान होतं.

"काया बैल बसला. मजेत हाय. मी बैल असतो तं बरं होतं. खाली जावावं नाई वाटत. वात पेटवतो तं मरन दिसते. दोर पाह्यतो तं मरन दिसते. मले भेव लागते. मले भेव लागते. कोनाले सांगू."

मग दोरावरच्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "म्हंजे आमी ओढाच्या आंधी तू वर पयतं, थे भेवानं होय? आमी समजलो, लय जोर हाय गड्यात."

लोक हसले. बंडीवरचा हात सुटला. त्या हसण्यापेक्षा मार बरा होता, असं मला तेव्हा वाटलं.

पाटील म्हणाले, "मंग बैल कायनं मेला?"

"मंगाशी दावं तोडून वावरात गेल्ता," म्हातारी म्हणाली. "कापलेल्या ज्वारीले कोवये फुटवे आले, थे खात होता. मी यालेच सांगाले आली, तं यानं मले हाकलून देल्लं."

ते फुटवे विषारी असतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालक खाली बैलाकडं पाहत राहिला. म्हातारीला कोणी काही म्हटलं नाही, मलाही नाही. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आपल्या झोपडीकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीच्या काठावर सगळ्यांसमोर वही मांडीवर घेऊन बसलो. कोणी खोकललं, कोणी "बैल लिहून राह्यला काय?" म्हणून विचारलं. मी एक पान पुरं केलं, फाडलं नाही. नळ्या कोऱ्या कागदाच्या वळल्या. मग दोर कमरेला बांधला आणि चाकाजवळच्या दोघांना म्हटलं, "नीट धरजा. मले भेव लागते." आणि खाली उतरलो.