पिशोरच्या बापूंची डोळा मारणारी गाडी

आमच्या गॅरेजात पत्र्याचा एक डबा आहे. कितीही नीट काम करा, गाडी जोडून झाली की एखादा नट हातात उरतोच. तो त्या डब्यात जातो. किस्स्यांचंही तसंच. गाडी निघून जाते, किस्सा आपल्याकडं राहतो! आणि पिशोरच्या बापूंच्या एकट्या गाडीनं आमचा अर्धा डबा भरलाय.

*

उस्मानपुऱ्यातलं हे गॅरेज हमीदचाचांचं. मी त्यांच्याकडं वायरिंगचं बघायचो. नव्वदच्या दशकात एक दिवस पिशोर गावचे बागायतदार बापू मुंबईहून जुनी परदेशी गाडी घेऊन दारात उभे राहिले. लाल, बुटकी, एकदम झकास. चाचांनी ती पुढून बघितली, वाकून बघितली आणि हळूच म्हणाले, "बापू, बुरा नक्को मानो. तुमको फसाये. इसको तो लाइटांच नहीं!"

बापूंनी हसत आत हात घातला आणि बटन दाबलं. बॉनेटवरची दोन झाकणं उघडली, दोन दिवे टकामका बघत वर आले!

चाचा दोन पावलं मागं सरकले. "या अल्लाह! ये तो सो रई थी!"

*

दोन महिन्यांनी उजवा दिवा अडकला. वेळ बघा कुठली! बापू मुकुंदवाडीला लेकीचं लग्न ठरवायला गेलेले. मुलाची आई स्वागताला ओट्यावर उभी. मुख्याध्यापिका, करारी बाई. हसताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं म्हणे.

बापूंना वाटलं, बटन नीट दाबलं गेलं नाही. ते दाबत राहिले. डावा दिवा वर, खाली. वर, खाली. उजवा ढिम्म. ओट्यावरून बाई बघतायत आणि गाडी त्यांना डोळा मारतेय!

बोलणी कशीबशी पार पडली. निघताना बाई म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. पाठवणी याच गाडीतून करा हवं तर. पण आधी गाडीला रीत शिकवा."

*

दुसऱ्या दिवशी बापू गॅरेजात. चेहरा उतरलेला.

"चाचा, लग्नात हिनं परत तसं केलं, तर त्या बाई माझ्या लेकीला जन्मभर ऐकवतील. आईविना वाढवलीय हो पोरीला."

आम्ही दोघांनी गाडी आत घेतली. मग कामाला लागलो.

मोटरला हातानं फिरवायची एक घुंडी असते. ती फिरवून दिवा वर आला तर रोग करंटचा, नाही आला तर यंत्राचा. मी फिरवून बघितली. हलेना! चाचांनी मला बटन दाबायला लावलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"मोटर रो रई है. ताकत है, रास्ताच नहीं."

खोललं. आत काळं, घट्ट, लाडू वळता येतील असं काहीतरी. बापूंचा गडी नामदेव आता ड्रायव्हर झाला होता. तो छाती काढून पुढं आला. "म्याच घातलंय की! बैलगाडीच्या चाकाचं वंगण. दर अमावस्येला, न चुकता!"

त्यात पिशोरच्या रस्त्याची धूळ मिसळलेली.

मी विचारलं, "मग डावा कसा चालतो?"

"त्येचं झाकण मला उघडताच आलं नाय ना!"

*

वंगण खरवडताना आतला प्लास्टिकचा बुश, म्हणजे दांडी फिरते ते कडं, तुटला. तो मुंबईतही मिळेना. शोधता शोधता लग्न चार दिवसांवर आलं. चाचा विचार करत माझ्या पायांकडं बघायला लागले.

"सुरेश, सीधे पाँव की चप्पल दे."

उजव्या पायाची रबरी चप्पल माझी, टाच कापली चाचांनी, त्यातून गोल बुश कोरून बसवला. दिवा वर आला! आम्ही पन्नास वेळा बटन दाबलं. दिवा वर आला की दर वेळी बापू हात जोडायचे.

"चाचा, मी एका चपलेचं काय करू?"

"रख ले. बायाँ लाइट भी कभी बिगड़ेंगा!"

*

लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. मी नवी चप्पल घालून गेलो.

पाठवणीची वेळ. दिवस मावळत आलेला. नवरी मागच्या सीटवर बसून हमसून हमसून रडतेय, बापू खिडकीशी. गाडीसमोर अख्खं वऱ्हाड आणि मधोमध विहीणबाई.

बॉनेटवर झेंडूची माळ होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून नामदेवनं ती डाव्या झाकणावरून बैलाच्या दाव्यानं करकचून आवळली होती. आम्हाला ते दिसेपर्यंत त्यानं बटन दाबलं.

उजवा दिवा दिमाखात वर आला. डावा दाव्याखाली. नामदेव घाबरला आणि बटन दाबत सुटला. वर, खाली. वर, खाली.

चाचांनी माझा दंड घट्ट धरला. बापूंचा चेहरा पांढराफटक.

विहीणबाई दोन पावलं पुढं आल्या. त्यांनी त्या दिव्याकडं बघितलं. मग काचेतून, रडून लाल झालेल्या सुनेकडं बघितलं. पदर नीट खांद्यावर घेतला आणि सगळ्या वऱ्हाडादेखत तिला डोळा मारला.