खिडकीतली बाटली

माझा दोस्त सर्जेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात विज्ञान शिकवत होतो. आज सहा आठवडे झाले. आदल्या दिवशी धाप लागली म्हणून त्याला दवाखान्यात नेलं होतं, आणि रक्ताचा रिपोर्ट हातात पडला तो माणूस गेल्यावर. थायरॉईड कित्येक वर्षं कमी होता, त्यानं हृदय पार थकवलं, असं डॉक्टर म्हणाले.

उचगावात त्याच्या सहा म्हशी. हसला की गोठा दणाणायचा. दोन वर्षांपूर्वी तो मंदावला. तोंडावर सूज, आवाज घोगरा, उन्हातही स्वेटर... आम्ही त्याला "म्हातारबा" म्हणून चिडवायचो. एकदा धार काढताना, म्हशीच्या पोटाला डोकं टेकून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मास्तर, बायकोजवळ जमंना झालंय. मनच हुईत न्हाय. कुठं बोललास तर बघ." मी हसलो. होय, हसलोच. खुराक कमी पडतोय म्हणालो आणि पेठ वडगावच्या बाजारातून ताकदीच्या पावडरीचे डबे आणून दिले.

थायरॉईडचा त्रास वहिनींना होता. रोज पहाटे गोठ्यात जाण्याआधी सर्जेराव बाटलीतून त्यांची गोळी काढून खिडकीत तांब्याशेजारी ठेवायचा. उपाशीपोटी घ्यायची असते म्हणून त्यांचा चहासुद्धा अडवून धरायचा. "ह्ये बायकांचं दुखणं," असं त्याचं ठाम मत, आणि मीही मान डोलवायचो. पुरुषाचीही ती ग्रंथी मंदावते, तिच्याबरोबर इच्छा आणि जोर दोन्ही आटतात, आणि औषधानं बहुतेकदा परतही येतात, हे मला आता डॉक्टरांकडून कळलं. दरवर्षी तीच ग्रंथी फळ्यावर काढणाऱ्या मला! लाज वाटते.

शेवटी शेवटी तो गोठ्यातच निजायचा.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "भावजी, खरं सांगा. त्यांचं भाईर कुणी हुतं काय? दोन वर्सं जवळ आलं न्हाईत."

कुठं बोलू नको म्हणून त्यानं बजावलं होतं, तरी मी बोललो. सगळं सांगितलं, पावडरीच्या डब्यांसकट. त्या ऐकत राहिल्या. मग खिडकीतल्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे ह्याच गोळ्या लागत हुत्या त्यास्नी?"

"व्हय."

"रोज सोताच्या हातानं काढून मला देत हुतं की, भावजी..."