उखर्डूनं स्वतः कल्हई केलेलं पातेलं

पाचोऱ्यात उखर्डू बॅटऱ्या दुरुस्त करायचा. ट्रॅक्टरची असो की ट्रकची, मेलेली बॅटरी तो जिती करी, आणि त्याचा त्याला ताठाही होता. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवण्यात बारा वर्षं गेली. पंचाण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा हात मनगटातून लोंबू लागला.

जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "शिसं भिनलंय. दुकान बंद, गोळ्या चालू. ताज्या ताकातले जिवाणू पोटातलं शिसं धरून बाहेर नेतात का, यावर अभ्यास चाललाय म्हणे. पक्कं नाही, पण ताक प्यायला हरकत नाही."

त्याच्या बायकोनं, सुंदरबाईनं, तेच पक्कं धरलं. शेजारच्या मंजुळाअक्कांचं विरजण त्यांच्या सासूच्या काळापासून मोडलेलं नव्हतं. "लेक देस तशी दी ऱ्हायनू, जपजो," वाटीभर विरजण हातात देत अक्का म्हणाल्या.

घरच्या पितळी पातेल्याची कल्हई उडालेली. तशात ताक कळकलं असतं, आणि कल्हईवाला तर नरडाण्याकडे गेलेला.

"कल्हईवाला कसाले जोयजे? मी मरी गऊ का काय?" उखर्डू गुरगुरला. दुकानातली डाग द्यायची कांडी वितळवून त्यानं डाव्या हातानं पातेलं आतून माखलं. चांदीसारखं चमकलं.

दोन महिने रोज पेलाभर ताक. हात उठेना. रक्तातलं शिसं उलट वाढलेलं.

"चोरून दुकानात जाता ना?" डॉक्टर चिडले.

"देवाची आण, नाही!"

"मग ताकाचं दही लावता कशात?"

सुंदरबाईनं पातेल्याचं सांगितलं. मग कांडीचंही.

"त्या कांडीत निम्मं शिसंच असतं, बाई. आंबट ताक ते रोज सोडवून घेत होतं."

घरी येऊन तिनं सगळं ताक मोरीत ओतलं, विरजणासकट. मडकं घेऊन ती अक्कांच्या दारात गेली, तर दिवेलागण झालेली. तिन्हीसांजेला विरजण कोणी देत नाही.

"सकायले ये व माय," अक्का म्हणाल्या.

रिकामं मडकं घेऊन ती परतली. ओट्यावर उखर्डू पातेलं उजव्या कोपराखाली दाबून डाव्या हातातल्या विळ्यानं कल्हई खरवडत होता. मांडीवर करडी भुकटी, ओठावरही.

"मी लायी, मीच काढस," तो म्हणाला.

"समदं तुम्हनाच हातनं व्हवाले जोयजे का?" ओरडून तिनं पातेलं ओढलं. जोर लावावाच लागला नाही. त्याच्या लुळ्या हाताखालून ते आपसूक सुटून आलं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.