वस्तीची बेरीज

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही किडमिडं आहे. चौथीनंतर लिहायची सवय राहिली नाही. हे कधी कुणाच्या हाती लागलंच तर माफी असावी.

इंदापूर तालुक्यात, कारखान्याच्या पलीकडं आमची पाचसहा घरांची वस्ती, गाव तिला वरची वस्ती म्हणतं. गावातल्या बचत गटांची बैठक समाजमंदिरात भरते. हिशेब ठेवणारी मुलगी आधी कागद वाचून दाखवायची. यंदा तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. प्रत्येक वस्तीच्या थकबाकीची बेरीज उभ्या पट्ट्यांनी दिसायला लागली. आमची पट्टी लाल आणि सगळ्यात उंच.

"वरच्या वस्तीनं माडी बांधली गं!" कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या.

"बांधणारी हितंच बसलीय की," माझी थोरली जाऊ म्हणाली आणि तिनं हनुवटीनं मला दाखवलं. "तोंड उघडतीय का बघा."

माझं कर्ज कधीच फिटलं होतं. थकलेलं सगळं तिचं होतं. म्हैस घेतल्यापासून तिनं एक हप्ता भरला नव्हता. आमच्या दोघींच्या घरांमधी एकच भिंत, सगळं ऐकू येतं. पण चारचौघीत माझा आवाज फुटत नाही.

वस्तीची बाकी शून्य झाल्याशिवाय तिथल्या कुणालाच नवं कर्ज मिळणार नव्हतं. आणि माझ्या लेकीची बारामतीला नर्सिंगची फी भरायची होती.

घरी मी जावेच्या पाया पडले. "अक्का, तेवढे भरा की. पोरीचं वरीस जाईल."

"जाईना का! तू कुठं शिकलीस? काय मेलीस का?"

पुढच्या बैठकीत तीच पट्टी, तोच हशा. लॅपटॉपवाली मुलगी मला म्हणाली, "काकू, ही वस्तीनुसार बेरीज आहे. नावानुसारही होते. करू का?"

जावेचं हसू थांबलं. माझ्याकडं बघून तिनं हळूच नको म्हणून मान हलवली.

"कर," मी म्हणाले. इतक्या बैठकांतला माझा पहिला शब्द.

मुलीनं वस्ती काढून तिथं नाव टाकलं. आमची माडी कोसळली. आमच्यातली एकच लाल पट्टी उरली, खाली जावेचं पूर्ण नाव. बाया तिला हसल्या, मला हसल्या होत्या त्याहून जास्त. मीही हसले, तोंडाला पदर न लावता.

थोरल्या दिरांनी तीच म्हैस बाजाराला काढली. गाभण होती. टेम्पोत चढेना, तेव्हा शेपटी पिरगाळून चढवली. जाऊ रिकामं दावं हातात धरून रस्त्यातच रडत बसली. मी दारात तांदूळ निवडत होते. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं व्याजासकट सगळे पैसे भरले. आमच्या वस्तीपुढं शून्य आलं.